बोटीने जायचे, पण कधी?



गेल्या हनुक्काच्या कार्यक्रमात तीन-चार जणींनी मला चहाच्या टेबलापाशी गाठले. "तुम्ही दोघी बहिणी नॉर्वेला बोटीने जाऊन आलात ना? आम्हालाही जायचंय. कोणता महिना चांगला?" मी म्हटले, "चांगला महिना असा काही नसतो बायांनो. कोण जाणार आहे ते आधी सांगा." त्यांना वाटले मी टाळते आहे. म्हणून सगळे नीट लिहून काढायचे ठरवले. मुलांनीही वाचावे, कारण यात सूर्याची गंमत आहे.

आधी ही बोट कोणती ते सांगते. नॉर्वेच्या पश्चिमेला बर्गन नावाचे शहर आहे. तिथून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने वर उत्तरेला, रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत बोट जाते आणि त्याच वाटेने परत येते. जाऊन-येऊन १२ दिवस, ३४ बंदरे. हिला हुर्टिगरूटेन म्हणतात, म्हणजे जलद मार्ग. २ जुलै १८९३ रोजी रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने 'व्हेस्टरोलेन' ही बोट ट्रॉनहाइमहून हॅमरफेस्टकडे नेली आणि या सेवेला सुरुवात झाली. २०२१ पासून या मार्गाचे काम दोन कंपन्यांत वाटून दिले आहे. या बोटींवर नाचगाणी, जुगार, मोठाले तलाव असला थाट नाही. सामान, गावातली माणसे आणि आपल्यासारखे प्रवासी, सगळे एकत्र. आपल्या लहानपणी मुंबईहून रत्नागिरी, मालवण करत गोव्याला जाणाऱ्या कोकणबोटी होत्या ना, त्यांची ही थंडीतली मावसबहीण समजा.

आता आमची गोष्ट. माझी ताई माझ्याहून ८ वर्षांनी मोठी, १९४१ चा जन्म. आमचे गाव अलिबाग. अलिबागच्या माणसाला समुद्राचा ऋतू शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात कोकणबोटी बंद. कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या पाण्यात लोटत नसत. ताईला तर हे फार लहानपणी कळले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली. सहाशेहून जास्त माणसे गेली. ताई तेव्हा सहा वर्षांची. किनाऱ्यावर बायका दिवसभर उभ्या होत्या, एवढे तिला आठवते. त्यानंतर आई कोणालाही बोटीत बसवताना एकच वाक्य म्हणायची, "दर्याला विचारून पाय टाका."

अशी ही ताई वयाच्या ७८व्या वर्षी मला म्हणाली, "मला एकदा बर्फाचे डोंगर समुद्रात उतरलेले बघायचेत." तिने कॅलेंडरवर तसे चित्र पाहिले होते. म्हटले, जाऊ. २०२० च्या जुलैची तिकिटे काढली. जुलै का? तर सगळे जुलैत जातात म्हणून! मग करोना आला. आगाऊ भरलेले पैसे परत मिळाले, पण दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत ताईच्या डोळ्यांना ग्रासले.

हा आजार आपल्या मंडळींत बऱ्याच जणांना आहे, म्हणून सोप्या शब्दांत सांगते. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला मॅक्युला म्हणतात. वयोमानाने तो झिजतो. माणूस पूर्ण आंधळा होत नाही, पण जे बघायला जावे तेच नाहीसे होते. समोरचा चेहरा पुसट, कडेचे दार दिसते. कुपत होलिमच्या डॉक्टरांनी इंजेक्शने चालू ठेवली होती, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "जिला जे बघायचं आहे ते लवकर दाखवा."

मी ३८ वर्षे नर्सचे काम केले. पेशंटला काय हवे आहे आणि त्याला काय झेपेल, हे दोन कागद शेजारी ठेवून बघायची सवय. तसाच मी प्रत्येक महिन्याचा कागद मांडला. तो तुमच्यासाठी इथे देते.

जून, जुलै, ऑगस्ट. हवा सर्वांत मवाळ. बर्गनला दुपारी १८ अंशांच्या आसपास, वर ट्रॉम्सोला १५-१६. डोंगर हिरवेगार. गायरांगर नावाच्या अरुंद खाडीत बोट शिरते ती याच दिवसांत. ही खाडी २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथले 'सात बहिणी' नावाचे धबधबे जूनमध्ये बर्फ वितळल्यामुळे भरलेले असतात. पण भाडे सर्वांत जास्त आणि गर्दीही. शिवाय या दिवसांत वर उत्तरेला सूर्य मावळतच नाही. ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै, आणि उत्तरेच्या टोकाला, नॉर्डकॅपला, १४ मे ते २९ जुलै.

मुलांनो, असे का होते? आपली पृथ्वी तिरकी उभी आहे, साडेतेवीस अंशांनी कललेली. उन्हाळ्यात तिचा माथा सूर्याकडे झुकलेला असतो, म्हणून माथ्याजवळच्या गावांना चोवीस तास उजेड. हिवाळ्यात तोच माथा सूर्यापासून लांब झुकतो, म्हणून ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. दुपारी थोडा निळसर उजेड, बस्स.

सप्टेंबर, ऑक्टोबर. झाडे पिवळी-तांबडी होतात, रात्र परत येते, उत्तरेचे रंगीत प्रकाश दिसू लागतात. पण पाऊस आणि वादळेही वाढतात. आणि आपले सण! रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ, सगळे याच दिवसांत. घरची मंडळी टेबलाभोवती बसलेली असताना आपण बोटीवर? मला नाही जमायचे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेचे प्रकाश बघायला हा मोठा हंगाम. भाडेही कमी. पण दिवस आखूड, समुद्र खवळलेला, धक्क्यावर बर्फाचा काचेसारखा थर. माझ्या नोकरीत मी खुब्याचे हाड मोडलेल्या किती आज्या पाहिल्या त्याची गणती नाही. त्या बहुतेक घरातच घसरल्या होत्या. बर्फावर आणखी काय होईल ते सांगायला नको.

मार्च, एप्रिल आणि मेची सुरुवात. डोंगरांवर बर्फ तसाच, पण दिवस लांब. बर्गनच्या बाजूला एप्रिल ते जून हे वर्षातले त्यातल्या त्यात कोरडे महिने. त्यातल्या त्यात म्हणते, कारण बर्गनला वर्षाला सुमारे २२५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ आपल्या मुंबईएवढा. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, बर्गनचा बारा महिने रेंगाळतो.

माझ्या नातीने, ती तेव्हा १२ वर्षांची होती, लगेच सांगितले, "सावता, फेब्रुवारीत जा. मला हिरव्या प्रकाशाचे फोटो पाहिजेत." मुलाचे म्हणणे, "जुलैच बरा, हवा गरम." मलाही जुलै सोयीचा वाटत होता. पण एका संध्याकाळी ताईला जेवायला वाढताना बघितले. पांढऱ्या ताटलीतला भात तिला सापडत नव्हता. तोच भात मी काळ्या ताटलीत वाढला तर तिने न चाचपडता खाल्ला. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. जुलैत हिरव्या डोंगरावर हिरवी झाडे आणि खाली हिरवट पाणी. ताईला ते सगळे एकच दिसणार! तिला पाहिजे पांढरा बर्फ, काळा खडक आणि गडद पाणी. आणि वर भरपूर उजेड. म्हणजे हिवाळा नाही, उन्हाळाही नाही. एप्रिलची अखेर.

एक प्रश्न राहिला होता. आमच्या सिनेगॉगच्या हज्जानना विचारले, "जिथे सूर्यच मावळत नाही तिथे शब्बाथचे दिवे कधी लावायचे?" ते हसले आणि म्हणाले, "यावर मोठमोठ्या रब्बींची मते वेगवेगळी आहेत. तुम्हाला ऋतू निवडता येतो ना? मग सूर्य मावळतो आणि उगवतो त्या दिवसांत जा." त्यांचेही उत्तर तेच निघाले. २०२२ चा पेसाह २२ एप्रिलला संपला आणि सोमवारी, २५ एप्रिलला, आम्ही दोघी बर्गनहून बोटीत बसलो.

पहिले दोन दिवस काही दिसले नाही. खरे सांगते. पाऊस आणि ढग. ओलेसुंद गाव धुक्यात गेले. स्टाड नावाच्या ठिकाणी बेटांची आड नाही, उघडा समुद्र लागतो, तिथे बोट डोलली आणि मी, जन्मभर दुसऱ्यांच्या उलट्या धुतलेली बाई, स्वतः बादली घेऊन बसले. ताई मात्र खणखणीत! ती काठ धरून मला म्हणते, "दर्याला विचारलं होतंस ना?" मला मनातून रडू येत होते. ऋतू निवडायला मी दोन महिने घालवले आणि हिला दिसतोय तो नुसता करडा पडदा.

बुधवारी २७ तारखेला सकाळी ट्रॉनहाइमला बोट तीन तास थांबली. तिथले सिनेगॉग जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या सिनेगॉगांपैकी एक. जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत ते १९२५ साली सुरू झाले. युद्धात जर्मनांनी ते बळकावले, १९४७ मध्ये पुन्हा उघडले, आणि आता तिथे यहुदी संग्रहालयही आहे. आम्ही टॅक्सीने गेलो आणि बाहेरूनच पाहिले. १९४२-४३ मध्ये नॉर्वेतून साडेसातशेहून अधिक यहुदी नेले गेले, त्यातले फार थोडे परतले. पहिली मोठी तुकडी २६ नोव्हेंबर १९४२ रोजी ऑस्लोहून 'डोनाउ' या बोटीने नेली, ५३२ माणसे. ताई भिंतीला हात लावून उभी राहिली. त्याच संध्याकाळी आपल्याकडे योम हाशोआ सुरू होणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने उत्तर ध्रुववृत्त ओलांडले. एका लहानशा बेटावर पृथ्वीचा गोल उभारला आहे, तीच खूण. त्यानंतर बोटीवर गंमत असते, समुद्राचा राजा बनलेला खलाशी लोकांच्या मानेवरून पाठीत बर्फ टाकतो. ताई म्हणाली, "आज नको." तिथले ९ वाजले तेव्हा आपल्याकडे १० वाजले होते. भोंगा ऐकू येणार नव्हता, पण आम्ही दोघी मागच्या डेकवर दोन मिनिटे उभ्या राहिलो. एक म्हातारा नॉर्वेजियन शेजारी येऊन टोपी काढून उभा राहिला. त्याने काही विचारले नाही.

दुपारी बुडो बंदर सोडले आणि ढग फाटले. बोट व्हेस्टफ्योर्ड ओलांडू लागली. समोर लोफोटेनची बेटे एकामागे एक अशी उभी असतात की लांबून एकच भिंत वाटते. ती भिंत त्या दिवशी वरपासून खालपर्यंत पांढरी होती, खडकाच्या काळ्या रेघा आणि पायथ्याशी निळेकाळे पाणी. ताईने मान थोडी डावीकडे वळवली, कारण तिला कडेनेच दिसते. मी काही बोलले नाही. नर्सने पेशंटच्या तोंडात उत्तर घालू नये. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मधे एक खाच आहे. तिच्या उजवीकडचा डोंगर जास्त उंच आहे. बरोबर?"

बरोबर होते. मी खाच पाहिलीसुद्धा नव्हती.

मग आम्ही जेवायलाही आत गेलो नाही. बरोबर आणलेला चिवडा डेकवरच खाल्ला. रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळेपर्यंत ताई तिथेच बसली होती.

बाकीचे थोडक्यात सांगते. लोफोटेनला लाकडाच्या मोठाल्या मांडवांवर कॉड मासे वाळत घातले होते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत ते मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवतात. वास आला आणि ताई म्हणाली, "कोळीवाडा!" तिथे बोंबील, इथे कॉड. शुक्रवारी ट्रॉम्सोला रस्त्याकडेला बर्फाचे ढीग होते. बोटीवर मेणबत्ती लावू देत नाहीत, म्हणून बॅटरीचे दोन दिवे नेले होते. सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळायचा होता, त्याच्या आधी दिवे लावून किद्दुश म्हटला. शनिवारी लोक बसने नॉर्डकॅपला गेले, आम्ही बोटीवरच राहिलो. रात्री हब्दालासाठी तीन तारे शोधायला डेकवर गेलो, तर सूर्य मावळूनही आकाश निळेच! इतक्या वर एप्रिलअखेर पूर्ण काळोख होतच नाही. मध्यरात्र उलटेपर्यंत थांबलो आणि मग हब्दाला म्हटली. हज्जानना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वेळी मार्च."

आता जाणाऱ्यांसाठी नर्सबाईंच्या चार सूचना.

बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्या, तिथे डोलणे कमी जाणवते. उलटीच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच न्या. त्यांनी झोप येते आणि झोपेत उठताना म्हातारी माणसे पडतात. कानामागे लावायची जी पट्टी मिळते तिने वयस्कर माणसाला भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर धोका असतो. विचारल्याशिवाय लावू नका.

औषधे घड्याळावर घ्या, उजेडावर नको. रात्री दहाला ऊन बघून ताई संध्याकाळची गोळी विसरली होती. झोपताना पडदा घट्ट ओढा.

एक जाड कोट नेण्यापेक्षा चार पातळ कपडे एकावर एक घाला आणि वरून वारा-पाऊस अडवणारे जाकीट. बुटांच्या तळाला अडकवायचे खिळेवाले पट्टे मिळतात, ते मे महिन्यापर्यंत जवळ ठेवा. बर्फावरचे ऊन डोळ्यांना फार लागते, म्हणून काळा चष्मा आणि पुढे छज्जा असलेली टोपी हवीच.

खाण्याची अडचण येत नाही. खवले आणि पर असलेले मासे, कॉड आणि सामन, रोज असतात. उकडलेले बटाटे, फळे, अंडीही. किर्केनेसला लोक मोठ्या खेकड्यामागे धावतात, तो आपल्या कामाचा नाही.

मुलांसाठी एक प्रश्न. किर्केनेस इतके उत्तरेला, तरी हिवाळ्यातही तिथे बोट कशी जाते? कारण अटलांटिक महासागर ओलांडून गरम पाण्याचा प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर येतो, त्यामुळे ही बंदरे गोठत नाहीत. आणि माझ्या नातीसाठी उत्तर: हिरवा प्रकाश आम्हाला दिसला नाही. आकाशच काळे होत नव्हते, तर प्रकाश कुठून दिसणार? तू सैन्यातून सुटलीस की फेब्रुवारीत जा. तुझी हाडे मजबूत आहेत आणि डोळेही.

तेव्हा बायांनो, महिना विचारण्याआधी हे विचारा: कोण जाणार, त्याचे पाय कसे, डोळे कसे, त्याला काय बघायचे आहे, आणि तो किती थांबू शकतो. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बाकी तीन ऋतू पुन्हा येतात.

ताई आता माझ्या घरीच राहते. माझा चेहरा तिला दिसत नाही, पावलांवरून ओळखते. हा लेख मी तिला वाचून दाखवला. सगळे ऐकून म्हणाली, "चिवडा आपण दुसऱ्या दिवशी खाल्ला. त्या दिवशी आपल्याकडे लाडू होते."

तिचेच खरे असेल. दुरुस्त करून घ्यावे.